खराब जुन्या लेन्सेस शिकणाऱ्यांच्या गळ्यात मारू नका

सकाळी एक रील बघितली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. एक जण जुनी लेन्स हातात फिरवत सांगत होता की आतला हा धुरकटपणा हेच तिचं सौंदर्य, नव्या लेन्सना असला 'व्हिंटेज लूक' जन्मात जमणार नाही. खाली कमेंट्समध्ये रांग लागलीये: कुठे मिळेल, केवढ्याला देणार. लेन्स उजेडासमोर आली त्या क्षणभरात मला आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली बुरशी स्पष्ट दिसली. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते हो! एकदा खाल्लं की आतून कितीही साफ करा, व्रण तसेच राहतात. आणि हा माणूस ते सौंदर्य म्हणून विकतोय.

मला लगेच माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी आठवली. पैसे साठवून तिने जुनी १३५ एमएमची लेन्स घेतली होती, पोर्ट्रेट्स करायचे होते तिला. फोटो दाखवायच्या आधीच सांगून टाकायची, "ताई, माझा हात हलतो." चेहरा फ्रेमच्या मधोमध असला तर ठीक; उजवीकडे सरकला की डोळे पुसट. तिने शटर स्पीड वाढवून पाहिला, श्वास रोखून पाहिला, भिंतीला टेकून उभी राहिली. विकणाऱ्याने तिला पढवून ठेवलं होतं की जुन्या लेन्सवर हात बसायला वेळ लागतो. शेवटी एक दिवस म्हणाली, "मला नाही जमणार हे."

याचाच राग येतो मला. पैसे गेले ते गेलेच, पण शिकणारा माणूस स्वतःला दोष देत बसतो.

जुन्या लेन्सेसवर माझा जीव आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. हेलिओस ४४-२ घ्या. ५८ एमएम, एफ/२, झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सच्या रचनेवर बेतलेली. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला (म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक पूर्ण उघडं ठेवलं की) मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात, कारण फ्रेमच्या कडेला येणारा प्रकाश बॅरलमध्ये, म्हणजे लेन्सच्या नळीतच, छाटला जातो आणि उजेडाचे ठिपके लांबट होऊन मध्याभोवती गोलाकार दिसू लागतात. मेयर कंपनीच्या ट्रायोप्लान १०० एमएम लेन्समध्ये साबणाच्या फुग्यांसारख्या कडा असलेले ठिपके येतात. ही त्या रचनेचीच देणगी, आणि त्या मॉडेलचा धडधाकट नग कुठलाही उचला, तीच दिसणार. पण फक्त तुमच्याच नगात काही विचित्र दिसत असेल, तर ती लेन्स बिघडलेली आहे. एवढा साधा फरक, आणि तो सांगायची कोणाची तयारी नाही.

काही लेन्सेस तर मुळातच कच्च्या होत्या. सुरुवातीचे झूम आठवा. निकॉनचा १९६३चा ४३-८६ एमएम झूम लोकांनी हौसेने घेतला, पण आजही त्याचं नाव निघतं ते सरळ रेषा वाकवण्यासाठीच. जुनं म्हणजे सोनं, हे लेन्सच्या बाबतीत तरी सरसकट खरं नाही.

असो. त्या मुलीच्या लेन्सचं काय झालं ते सांगते. भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान ताणून चिकटवलं, कॅमेरा समोर ट्रायपॉडवर लावला, टायमर टाकला. हाताचा प्रश्नच मिटला. फोटोत डावीकडचे कॉलम खणखणीत, उजवीकडच्या बातम्यांची अक्षरं फिसकटलेली. मग कॅमेरा उलटा बसवून तोच फोटो पुन्हा काढला. आता उजवीकडचं पान वाचता येत होतं आणि डावीकडचं फिसकटलं. दोष कॅमेऱ्यासोबत फिरला, म्हणजे पान सपाट होतं आणि काच वाकडी होती. लेन्स काढून बघितली तर पुढच्या रिंगवरच्या खाचा खरवडलेल्या. कोणीतरी उघडून साफ केली होती आणि आतली काच परत सरळ बसवली नव्हती.

ती बराच वेळ दोन्ही फोटो आलटून पालटून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हात नव्हता माझा?" नव्हता गं बाई.

हं, काचेतला एखादा बारीक बुडबुडा किंवा पुढच्या काचेवरचा पुसट ओरखडा फोटोत दिसतही नाही, हे मान्य. धुरकट लेन्सचा मऊपणा कोणाला मुद्दाम हवा असेल तर त्यांनी खुशाल वापरावी, त्यांना आपण काय घेतोय ते ठाऊक असतं. सगळेच दोष कायमचे असतात असंही नाही. सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४च्या थोरियम हा धातू मिसळलेल्या काचा वर्षानुवर्षांत पिवळ्या पडतात आणि अतिनील प्रकाशात ठेवल्या की बऱ्याच निवळतात. असं सांगून विकलं तर कोणाची तक्रार आहे?

तक्रार लपवण्याची आहे. समोरून खिडकीचा उजेड आला की अख्खा फोटो दुधाळ करणारी लेन्स 'ड्रीमी' म्हणून खपवायची, उघडझाप करणाऱ्या पात्यांवर, म्हणजे ब्लेडवर, तेल येऊन अ‍ॅपर्चर अडकत असेल तर त्यावर अवाक्षर काढायचं नाही, आणि गिऱ्हाईक परत आलं की त्याच्याच हाताला नावं ठेवायची. त्या मुलीला हेच ऐकवलं होतं. आणि आपल्यातलेच काही जण अशा रील्सवर बदाम टाकतात, ते बघून जास्त वाईट वाटतं.

माझ्या यादीत जुन्या लेन्सेस विकणारे बरेच जण आहात, म्हणून थेट सांगते. बाहेरून चकाचक पुसलेल्या बॅरलचे दहा फोटो नकोत. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून तिरका टॉर्च मारलेला एक फोटो टाका, ब्लेड्सचा एक टाका, आणि सपाट भिंतीचा पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला काढलेला एक, चारही कोपरे दिसतील असा. लेन्स आधी उघडलेली असेल तर तसं लिहा. हे नसलेली जाहिरात इथून पुढे मी शेअर करणार नाही, कितीही जवळच्या माणसाची असली तरी.