तळातल्या चित्रावरून जर्मन स्टाइन अस्सल ठरत नाही

एक दावा सतत पुढे ढकलला जातो: पोर्सिलेनच्या जर्मन बिअर-स्टाइनचा, म्हणजे झाकणाच्या बिअर-मगाचा, तळ उजेडात धरल्यावर चित्र दिसलं, खाली 'जर्मनी' असा शिक्का असला आणि अंगावर सैनिकाचं नाव असलं, की तो पहिल्या महायुद्धाआधीचा अस्सल लष्करी स्टाइन. चित्र विवस्त्र स्त्रीचं असेल तर म्हणे आणखी दुर्मीळ. यावर भरवसा ठेवून लोक मोठी रक्कम मोजतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी चित्र. त्याला लिथोफेन म्हणतात. पोर्सिलेन जिथे पातळ तिथे उजेड, जाड तिथे सावली. या तंत्राचं पेटंट फ्रान्समध्ये १८२७ साली घेतलं गेलं. काम साच्यातून होतं, त्यामुळे नक्कल करणाऱ्यालाही ते सहज जमतं. जुन्या लष्करी स्टाइनच्या तळात प्रेयसीचा निरोप घेणारा जवान किंवा जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचा राजा लुडविग दुसरा सापडतो. विवस्त्र स्त्री दिसली, तर तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला नकली माल असण्याची शक्यताच फार मोठी.

'जर्मनी' हा शिक्का तर उलटी साक्ष देतो. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून तो निर्यातीच्या मालावर आला. लष्करी स्टाइन मात्र सेवा संपवून घरी निघालेला जवान आठवण म्हणून तिथेच विकत घेई. त्यावर हा शिक्का कशाला हवा? 'वेस्ट जर्मनी' असेल, तर वस्तू १९४९नंतरची, यात वादच नाही.

राहिलं नाव. नुसतं नाव कोणीही लिहील. पलटण, छावणीचं गाव आणि सेवेची वर्षं एकमेकांशी जुळतात का, ते पाहा. १८९३पासून पायदळाची सेवा २ वर्षांची होती, घोडदळाची ३. पायदळाच्या स्टाइनवर १९०५ ते १९०९ लिहिलेलं असेल, तर विक्रेत्याला जाब विचारा. झाकण अंगठ्याने उघडायच्या खटक्यावर बव्हेरियाचा सिंह आणि पलटण मात्र प्रशियाची, म्हणजे दुसऱ्याच जर्मन राज्याची, असं असेल तरी सावध व्हा. मला सर्वांत विश्वासाची वाटते ती बोटांची परीक्षा: जुन्या कामात रेषा छापून रंग हाताने भरत, त्यामुळे रंगाचा उंचवटा बोटाला लागतो, नकलेत अख्खा देखावा एका गुळगुळीत स्टिकरसारखा बसलेला असतो.

ज्यांची नावं या स्टाइनवर आहेत, त्यांतल्या अनेक तरुणांना १९१४च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बोलावणं आलं. त्यांच्या नावाने खोटा माल खपवणं मला सहन होत नाही. पैसे देण्याआधी तळाचा, अंगावरच्या नावाचा आणि खटक्याचा जवळून काढलेला फोटो मागा; विक्रेता टाळत असेल तर व्यवहार सोडून द्या.