‘काळा कोट सगळ्यांना सारखाच’ म्हणे!

गोव्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: वकिली सगळ्यांना खुली, त्यात गोव्यात समान नागरी कायदा, मग कायद्याच्या क्षेत्रात सर्व थरांतली माणसं यावीत म्हणून झटणाऱ्या कार्यकर्त्यांचे आणि लॉच्या पोरांचे सत्कार कशाला? हा गुणवत्तेचा अपमान.

समान नागरी कायद्याचा इथे संबंधच काय? १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतून आलेला तो कायदा लग्न, वारसा, मालमत्ता बघतो. वकिलाच्या खुर्चीत कोण बसणार ते नाही. आणि ‘समान’ म्हणावं तर १८८० मध्ये हिंदूंच्या रूढींसाठी वेगळं फर्मान काढावं लागलंच होतं.

‘खुली’ म्हणजे किती खुली? कायद्याने सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. प्रत्यक्षात ही सनद देणाऱ्या देशभरातल्या बार कौन्सिलांनी हजारोंनी पैसे घेतले. काही राज्यांत आकडा ४० हजारांवर गेला. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवलं. पण पुढे ज्युनियरशिप, म्हणजे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, आहेच. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात महिना २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलं. नुसतं सुचवलं. ज्याच्या घरात आधीच वकील आहे त्याला ही वर्षं काढता येतात; काणकोणच्या शेतकऱ्याच्या मुलीने पणजीत खोलीभाडं कशातून भरायचं?

आता गुणवत्ता. गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांना वनहक्क कायद्याखाली जंगलातल्या जमिनीचा दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती आपल्या ताब्यात होती हे दाखवावं लागतं. बहुतेकांकडे कागद नाही. म्हणून नियमांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा मानला. घर, बांध, विहीर, स्मशान, देवाची जागा हेही चालतं. मात्र एकाच पुराव्यावर भागत नाही. सांग्यातला म्हातारा वेळीप कोकणीत सांगणार, नाचणीची कुमेरी (फिरती शेती) कुठल्या उतारावर व्हायची, देवराईची हद्द कुठल्या झाडापर्यंत. ते नीट ऐकून, दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीपुढे टिकेल असा जबाब लिहून काढणं ही गुणवत्ता नाही तर काय? परीक्षेत नव्वद टक्के मिळवलेल्याला हे जमेलच असं नाही. आणि जागेच्या तपासणीला दावेदारांना मजुरी बुडवून हजर राहायला लावणारा गावातला कार्यकर्ता नसेल, तर वकील कितीही हुशार असो, दावा रखडणारच.

‘कोर्टात बाई-पुरुष भेद नाही’ हेही त्या मेसेजात आहे. बायकांना वकिली करू द्यायला १९२३ मध्ये कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालय १९५० चं. तिथे पहिली महिला न्यायाधीश, फातिमा बीवी, १९८९ मध्ये आल्या. भेद नव्हता तर एकोणचाळीस वर्षं कसली वाट बघत होते?

एक मात्र कबूल: शाल-श्रीफळ, फोटो आणि मंत्र्यांचं लांबलेलं भाषण याची हवी तेवढी टर उडवा, मीही सामील होईन. पण मग मागणी करायची तर ही करा, की त्या शालीच्या पैशांत सत्कारमूर्तीची सनदेची फी भरा आणि हॉलच्या भाड्यातून पहिल्या वर्षाचा स्टायपेंड द्या.