तारेच्या आतलं सोलापूर

आपल्याकडे इतिहासावरून वाद पेटला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "जुनं कशाला उकरून काढायचं?" आणि दुसरं, "जर्मनीकडे बघा, त्यांनी आपला भूतकाळ कसा कबूल केला." म्युनिकला राहायला आल्यापासून हे दुसरं वाक्य मी माझ्याच घरच्यांकडून फार वेळा ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सोलापूरकरांनी जास्त लक्ष देऊन ऐकावं, असं मला वाटतं.

या उन्हाळ्यात काका-काकू सोलापूरहून आले होते. राजवाडे, तळी, डोंगर सगळं बघून झालं आणि सुट्टीचा एक दिवस आम्ही दाखाऊला दिला. हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत, २२ मार्च १९३३ला, म्युनिकच्या शेजारी ही छळछावणी सुरू झाली. बारा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं इथे डांबली गेली. सुमारे ४१,५०० मेली. आता तिथे स्मारक आणि संग्रहालय आहे, आणि शाळांच्या सहली सतत येत असतात.

काका थांबले ते कैद्यांच्या कपड्यांवर शिवलेल्या त्रिकोणांच्या तक्त्यापाशी. लाल म्हणजे राजकीय कैदी, हिरवा म्हणजे 'सराईत गुन्हेगार', काळा म्हणजे 'असामाजिक'. भटके, बेघर, आळशी ठरवलेले लोक काळ्याखाली. सिंती आणि रोमा (युरोपात ज्यांना 'जिप्सी' म्हणत) जमातींतल्या कितीतरी जणांना हाच त्रिकोण मिळाला. मी हे सांगत होतो तेवढ्यात काका म्हणाले, "आपल्या सेटलमेंटातल्या लोकांनाबी असंच म्हणत होते की."

मी गप्प झालो. सोलापुरात वाढलेल्या माणसाला सेटलमेंट ठाऊक असते, पण वस्तीचं नाव म्हणून. इंग्रजांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११मध्ये तो देशभर लागू करता येईल असा वाढवला, आणि कैकाडी, पारधी, भामटा, टकारी अशा कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. सोलापूरची सेटलमेंट त्याच कायद्यातून उभी राहिली. भोवती काटेरी तार, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास. गिरण्यांत राबायला मात्र हीच माणसं चालत होती. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायची तरतूदही कायद्यात होती.

दाखाऊ आणि सोलापूर एकाच तागडीत घालता येत नाहीत, आणि मी घालणारही नाही. युरोपातल्या सिंती-रोमांचं पुढे सामूहिक हत्याकांड झालं. पण माणसाने काय केलं हे न बघता तो कुणाच्या पोटी जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवायचं, ही सुरुवात दोन्हीकडे होती. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९पासूनच सिंती-रोमांच्या नोंदी ठेवायला घेतल्या होत्या आणि बव्हेरियाने त्यांच्याविरुद्धचा कायदा १९२६मध्ये केला. तेव्हा हिटलर सत्तेच्या जवळपासही नव्हता.

आता ते दुसरं वाक्य. जर्मनीने हे सहजासहजी कबूल केलं नाही. १९५६मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सिंती-रोमांचा १९४३आधीचा छळ वांशिक नव्हताच, असा निकाल दिला. युद्ध संपल्यावरही जुन्या नोंदी पोलिसांच्या कामी येत राहिल्या. १९८०च्या ईस्टरला सिंतींनी याच दाखाऊत उपोषण केलं, नोंदींचा हिशेब मागितला. छावणीतून वाचलेली माणसंही त्यांत बसली होती. त्यानंतर १९८२मध्ये सरकारने हत्याकांड झाल्याचं मान्य केलं. काळ्या आणि हिरव्या त्रिकोणवाल्यांना नाझींचे बळी म्हणून संसदेने मान्यता दिली ती २०२०मध्ये, पंचाहत्तर वर्षांनी. तोवर त्यातले बहुतेक जण गेलेले होते.

आपलं शहर स्मरणात कंजूष नाही. मे १९३०चा उठाव, मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही नावं आमच्या बाईंनी पाठ करून घेतली होती. चार हुतात्मा चौकातून जाताना अजूनही छाती भरून येते. पण ज्या मे महिन्यात सोलापूर इंग्रजांना नमेना, त्याच मे महिन्यात याच गावात तारेच्या आत हजेरी चालू होती. हे मला कुणी शिकवलं नाही. सेटलमेंटबद्दल मी लहानपणी ऐकलं ते एवढंच, "तिकडं जाऊ नको." देश स्वतंत्र झाला तरी देशपातळीवर कायदा पाच वर्षं सोळा दिवस राहिला. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला, आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले.

संध्याकाळी घरी काकूंनी माझ्याशी खरा वाद घातला. "तू इथं बसून स्मारक म्हणतोयस. त्या पोरांना नोकरी मागायचीय, लग्नं करायचीत. पुन्हा पाटी लावून तोच शिक्का मारायचा का त्यांच्यावर?" हा आक्षेप मला खोडता येत नाही. मी एवढंच म्हणालो, की पाटी नसली तरी शिक्का आहेच. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांबद्दल सांगावं लागलं, की विमुक्त, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या, जमातीचा आहे एवढ्यावरून कुणाला सराईत गुन्हेगार समजू नका. दोन वर्षंही झाली नसतील त्याला.

काकूंचं एक मात्र मला पूर्ण पटलं: ठरवायचं त्यांनी, तारेच्या आत ज्यांचे आजी-आजोबा होते त्यांनी. संग्रहालय हवं की नको, कुठे, कुणाच्या शब्दांत, हे माझ्यासारख्याने म्युनिकहून सुचवायचं नाही आणि महापालिकेनेही परस्पर ठरवायचं नाही. बाकीच्या सोलापूरने करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. हजेरीची जुनी रजिस्टरं, पास, गिरण्यांचे कागद जिथे असतील तिथे ते सांभाळून त्या कुटुंबांना मोकळे करावेत. शाळेत चार हुतात्म्यांच्या धड्यानंतर सेटलमेंट शिकवावी. आणि ज्यांना बोलायची इच्छा आहे त्यांचं बोलणं आत्ताच नोंदवून घ्यावं, कारण तारेच्या आत जन्मलेल्यांत सगळ्यात लहान असलेली माणसंही आज सत्तरीच्या पुढे आहेत.