व्हायरस असा बांध बघून येत नाही दादा

दादा, कमेंट वाचली. "जे औषध उसाला काय करत नाही ते द्राक्षाला कसं काय करंल, पानं वाकडी म्हणजे व्हायरस नायतर झिंकची कमी, उगं घाबरवू नका" असं तुमचं म्हणणं. आधी माझी चूक मान्य करतो. शेजारच्या उसात मारलेलं टू-फोर-डी तणनाशक उडून आलं की द्राक्षाचा वेल मरतो असं मी सरसकट लिहिलं, ते जास्तच झालं. थोड्या फवाऱ्यानं वेल सहसा मरत नाही, पण वाढ बिघडते.

ऊस गवताच्या जातीतला, तो हे औषध आतल्या आत लवकर निकामी करून टाकतो. द्राक्ष, टोमॅटो, कापूस ही रुंद पानाची पिकं, त्यांना ते स्वतःच्या ऑक्सिनसारखंच, म्हणजे झाडातल्या वाढीच्या संप्रेरकासारखंच वाटतं, फरक एवढाच की स्वतःचं ऑक्सिन झाड लागेल तसं कमीजास्त करतं, हे मात्र शेंड्यात जाऊन बसतं आणि मग पेशी कुठंबी कशाबी वाढतात, खोड पिळतं, अन्न वाहणाऱ्या नळ्या दाबल्या जातात. म्हणून जुनी पानं धड आणि कोवळी वाकडी.

एक पान हातात घेऊन बघा की. पंख्यासारखं झालेलं, शिरा एकमेकीला खेटलेल्या, मधला हिरवा भाग आक्रसलेला, कडेला टोकदार दात. आता फॅनलीफ व्हायरसचं पानबी बरंचसं असंच दिसतं, तिथं तुमचा संशय रास्त आहे. पण आपल्या पंढरपूर-कासेगावकडं ऊस आणि द्राक्ष बांधाला बांध लागून, आणि बांधाकडच्या ओळी जास्त बिघडलेल्या, आत जाईल तसं कमी, वर बांधावरचं गाजरगवतसुद्धा पिळलेलं असेल तर काय म्हणायचं? गाजरगवताला पण झिंक कमी पडलं का?

मी स्वतः शेण खाल्लंय. उसात वापरलेला पंप नुसत्या पाण्यानं खळबळला आणि त्यातनंच परसातल्या टोमॅटोला बुरशीनाशक मारलं. दुसऱ्या दिवशी देठ खाली वळले, पुढं नवी पानं आली ती दोऱ्यासारखी. बायकोनं अजून ऐकवायचं सोडलं नाही.

खुरपायला बाया मिळत नाहीत हे खरंच, तणनाशक बंद करा असं मी म्हटलंच नाही. टू-फोर-डी दोन प्रकारात मिळतं, बागेशेजारी इस्टरवालं नको, ते उन्हात वाफ होऊन लांब जातं, अमाइन सॉल्टवालं त्यामानानं बरं. वारा बागेकडं असला तर पंप उचलायचाच नाही, आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा.

बांधाकडच्या ओळीचा एक आणि मधल्या ओळीचा एक असे दोन फोटो टाका, मग बोलू.