दह्याची वाटी आणि बंद केलेला पंप

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: ‘सगळ्या अ‍ॅलर्जींचं मूळ पोटातल्या बिघडलेल्या जिवाणूंत आहे. २१ दिवस घरचं दही खा, मुलांना मातीत खेळू द्या, गोळ्या आणि पंप बंद करा. पूर्वी कुणाला दमा होता का?’ पाठवणारे काका माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. काका, राग मानू नका, पण गप्प बसणं मला जमणार नाही.

पूर्वी दमा होता. चरकसंहितेत ‘तमक श्वास’ म्हणून त्याचं वर्णन आहे.

पोटाचा संबंध खोटा नाही. भाजी-डाळीतला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि ते प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना बळ देतं. पण यातलं बरंचसं उंदरांवर दिसलंय. शिवाय आपण अंगावर ‘पित्त उठलं’ म्हणतो, म्हणून सगळं खापर पोटावर फोडणं सोपं जातं. पावसाळ्यात परळच्या चाळीतल्या भिंतीवर धरलेली बुरशी, झुरळं, गादीतले धुळीचे किडे, आनुवंशिकता, यांचं काय?

मातीचं म्हणाल तर १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाला आढळलं, की मोठी भावंडं असलेल्या मुलांना परागकणांची अ‍ॅलर्जी कमी होते. भावंडांमुळे लहानपणीच जंतूंशी गाठ पडते म्हणून, असा त्याचा अंदाज होता. पुढे युरोपात गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांतही दमा कमी दिसला. गुरांच्या गोठ्यातले जिवाणू वेगळे आणि आपल्या गल्लीत गटार उपसून काठावर टाकलेला गाळ वेगळा.

दही मीही रोज खाते. पण विरजणातले जिवाणू बहुधा पाहुण्यासारखे येतात आणि जातात, आतड्यात घर करत नाहीत. आणि ज्या बाळाला दुधाचीच अ‍ॅलर्जी आहे, त्याला हे दही भरवलं तर? दुधातली प्रथिनं दह्यातही असतात. मेसेजमध्ये याबद्दल अक्षर नाही.

आता पंप. माझ्या भाच्याने मागच्या जुलैत असाच मेसेज वाचून रोजचा पंप सोडला. आठवडाभर काहीच झालं नाही, घरात दह्याचं कौतुक सुरू झालं. पण त्या पंपातलं औषध श्वासनलिकेची सूज दाबून ठेवतं. ते थांबवलं की सूज त्याच दिवशी परतते असं नाही, कधी दिवस जातात, कधी आठवडे. तोवरच्या बऱ्या दिवसांचं श्रेय दह्याला मिळतं. नवव्या रात्री तो खाटेच्या कडेला, गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. प्रत्येक श्वासाला गळ्याची खळी आत ओढली जात होती. वाक्य पुरं करता येत नव्हतं, ‘मावशी’ म्हणून थांबला. तसाच टॅक्सीत घालून दवाखान्यात नेला.

आता तो सकाळी पंप घेतो, खळखळून चूळ भरतो आणि मग दही-पोहे खातो.