अल्गोरिदमला काका-मामा नसतात, म्हणून?

एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरते आहे. सारांश असा: माणूस वशिला बघतो, रंग बघतो, पैसे खातो, अल्गोरिदमला (संगणक ज्या ठरलेल्या नियमांनी निर्णय देतो त्यांना) काका-मामा नसतात. तेव्हा भरती, कर्ज, गुण, सरकारी मदत, सगळं त्याच्यावर सोपवा, अन्याय आपोआप संपेल. पोस्टमधला राग रास्त आहे. खुर्चीवरच्या माणसाने कधीतरी नाडलेला कोणीही ती वाचून मान डोलावेल. पण मुद्दे एकेक करून तपासले की त्यातला एकही धड उभा राहत नाही.

‘गणित पक्षपात करत नाही.’ गणित करत नाही, कबूल. पण काय मोजायचं हे गणित ठरवत नाही. अमेरिकेत कोणत्या रुग्णांना जादा देखभाल द्यायची हे निवडणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. कोण किती आजारी आहे हे थेट मोजणं अवघड, म्हणून त्यात उपचारांवर होणारा खर्च मोजला जात होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारात कमी खर्च होत आलेला. झालं, यंत्राने त्यांना जास्त धडधाकट ठरवलं. ही तफावत काढली तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा संशोधकांचा हिशेब होता. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) वंशाचा रकाना त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच.

‘आकडे खोटं बोलत नाहीत.’ २०२० मध्ये कोरोनामुळे इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या, म्हणजे साधारण आपल्या बारावीसारख्या, परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी कळवली आणि वर्गातला क्रमही लावून दिला. ऑफक्वाल या नियामक संस्थेच्या सूत्राने क्रम घेतला आणि बहुतेक ठिकाणी श्रेणी बाजूला ठेवली. त्याऐवजी त्या शाळेचे मागच्या तीन वर्षांचे निकाल पाहिले आणि साधारण त्याच साच्यात यंदाची मुलं बसवली. म्हणजे आधीच्या मुलांपैकी कोणी वरच्या श्रेणीपर्यंत पोचलं नसेल, तर यंदाच्या हुशार मुलीला ते दार जवळपास बंद. उलट, अगदी लहान वर्गांत एवढ्या थोड्या मुलांवर हे सूत्र चालेना, म्हणून तिथे शिक्षकांचीच श्रेणी कायम राहिली. असे लहान वर्ग खासगी शाळांत जास्त. शिक्षकांच्या अंदाजापेक्षा जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या, मुलं रस्त्यावर उतरली आणि १३ ऑगस्टला लागलेला निकाल १७ ऑगस्टला मागे घ्यावा लागला. यात एकही आकडा खोटा नव्हता. फक्त ते आकडे दुसऱ्याच मुलांचे होते.

‘समाजमाध्यमं म्हणजे आरसा, तुम्हाला आवडतं तेच दाखवतात.’ फेसबुकने २०१७ मध्ये इमोजी प्रतिक्रियांना ‘लाइक’च्या पाचपट वजन दिलं, रागावलेल्या चेहऱ्यालाही. पुढे रागाचं वजन शून्यावर आणलं. माणसं तीच, वजन मात्र कंपनीने दिलं आणि कंपनीनेच काढलं. असा कुठला आरसा असतो?

‘शेवटची सही माणसाचीच असते.’ हा मुद्दा सर्वांत पोकळ. ऑस्ट्रेलियातली ‘रोबोडेट’ योजना पाहा. सरकारी भत्ता जादा घेतला का हे शोधायला तिने करखात्याकडचं वर्षाचं उत्पन्न घेतलं आणि ते २६ पंधरवड्यांत समान वाटलं. सहा महिने काम केलं, पुढचे सहा महिने बेकार होतो म्हणून भत्ता घेतला, असा माणूस या हिशेबात वर्षभर कमावता दिसतो. लगेच वसुलीची नोटीस. पूर्वी अशी तफावत कर्मचारी तपासून पाहत; आता चूक नाही हे सिद्ध करायचं ज्याला नोटीस आली त्याने, तेही कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या हुडकून. २०२० मध्ये सरकारने ४ लाख ७० हजार वसुल्यांचे ७२ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर परत करायचं जाहीर केलं.

‘मग काय, साहेबाच्या मर्जीवरच जगायचं?’ अजिबात नाही. उलट यंत्राची एक बाजू साहेबापेक्षा उजवी आहे: त्याला तोच अर्ज नुसतं नाव बदलून हजार वेळा देता येतो आणि उत्तर कुठे बदलतं ते पकडता येतं. रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमधली खोट सापडली ती संशोधकांना आतली माहिती मिळाली म्हणून. तेव्हा ‘सोपवा’ म्हणणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं: काय मोजायचं हे कोणी ठरवलं, ते आम्हाला बघायला मिळणार का, आणि चुकलं तर दाद कोणाकडे मागायची? अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एका आरोपीने हेच विचारलं होतं. शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी हा माणूस पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, याचा ‘कॉम्पास’ या सॉफ्टवेअरने दिलेला अंदाजही पाहिला होता, आणि तो कसा निघतो हे कंपनीने व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवलं होतं. २०१६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. न्यायाधीशांपुढे असा अंदाज मांडणाऱ्या पुढच्या अहवालांवर सावधगिरीची लेखी सूचना जोडा म्हणून बजावलं. गुपित गुपितच राहिलं.