मार्गारेट बोफर्ट आणि ‘इंग्लंडची कैकेयी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्लंडचा राजा हेन्री सातवा याची आई मार्गारेट बोफर्ट, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की मी तिला देव्हाऱ्यात बसवलं. तुमच्या मते ती इंग्लंडची कैकेयी. मुलगा पाळण्यात असतानाच त्याला गादीवर बसवायचं तिने ठरवलं, त्यासाठी चार नवऱ्यांची शिडी केली, आणि १४८३ मध्ये लंडनच्या टॉवर किल्ल्यातून नाहीशा झालेल्या दोन राजपुत्रांचं रक्तही तिच्याच हाताला आहे. उत्तर थोडं लांबेल.

आधी नवऱ्यांचं. पहिलं लग्न झालं तेव्हा ती सहा-सात वर्षांची. वडील वारलेले, पालकत्वाचा हक्क राजाने सफोकच्या ड्यूकला दिलेला, आणि त्याने तिला आपल्याच मुलाच्या गळ्यात बांधलं. १४५३ मध्ये ते लग्न रद्द झालं. तिने स्वतः ते कधी लग्न म्हणून मोजलं नाही, तेव्हा आपणही मोजू नये.

दुसरं १४५५ मध्ये, एडमंड ट्यूडरशी. ती बारा वर्षांची, तो साधारण पंचवीस. इथे तेव्हाचा इंग्लिश कायदा समजून घ्यायला हवा. वारसदार मुलीच्या पोटी जिवंत मूल जन्मलं की तिच्या जमिनींवर नवऱ्याचा तहहयात हक्क लागायचा, बायको मेली तरी. चर्चच्या नियमाने मुलीचं लग्न बाराव्या वर्षी चालत असे, पण इतक्या लहान पोरीशी संसार सुरू करायची घाई सहसा कुणी करत नसे. एडमंडने केली. त्या जमिनी काही त्याला लाभल्या नाहीत. तेव्हा इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांत झगडा चालू होता, एडमंड लँकेस्टरच्या बाजूचा. यॉर्क पक्षाच्या लोकांनी त्याला वेल्समधल्या कारमार्थनला पकडलं आणि नोव्हेंबर १४५६ मध्ये तो तिथेच प्लेगने गेला. २८ जानेवारी १४५७ रोजी पेम्ब्रोकच्या किल्ल्यात, दीर जॅस्परच्या आश्रयाला असताना, तेरा वर्षांची ही विधवा बाळंत झाली. मुलगा झाला, तोच हेन्री. पुढे दोन लग्नं झाली, पण तिला पुन्हा मूल झालं नाही. ती मुळात चणीने लहान. तिचे धर्मगुरू जॉन फिशर पुढे म्हणाले की एवढ्याशा देहातून मूल जन्मलं हाच चमत्कार.

याचं तिच्या मनावर काय झालं, ते चाळीस वर्षांनी दिसतं. १४९८ मध्ये तिच्या नातीचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी ठरत होतं. नात आठ वर्षांची. स्पेनच्या वकिलाने आपल्या सरकारला कळवलं की राणी आणि राजमाता दोघींचा मुलीला इतक्यात पाठवायला विरोध आहे, कारण स्कॉटलंडचा राजा थांबणार नाही आणि पोरीच्या जिवाला अपाय होईल. राजमाता म्हणजे हीच बाई. माझ्या मते तिच्या सगळ्या चरित्रात याहून बोलका कागद नाही. (नात अखेर गेली १५०३ मध्ये, तेरा वर्षांची होऊन.)

आता महत्त्वाकांक्षा. १४८५ मध्ये हेन्री राजा झाला हे माहीत असलेला माणूस मागे वळून पाहतो, तेव्हा त्याला सगळीकडे कट दिसतो. वर्ष-वर्ष पुढे वाचत या, चित्र पालटतं. १४६२ मध्ये यॉर्क घराण्याचा राजा एडवर्ड चौथ्याने पाच वर्षांच्या हेन्रीचं पालकत्व विल्यम हर्बर्टला हजार पौंडांना विकलं आणि मुलगा रॅग्लनच्या किल्ल्यात वाढला. कैकेयीला निदान दोन वर तरी मिळाले होते हो! तिसरा नवरा हेन्री स्टॅफर्ड १४७१ मध्ये बार्नेटच्या लढाईत एडवर्डच्या बाजूने, म्हणजे लँकेस्टर घराण्याच्या विरुद्ध लढला, आणि त्याच वर्षी वारला. त्याच सुमारास हेन्री काका जॅस्परबरोबर समुद्रापार ब्रिटनीला पळाला. मायलेकरांची पुढची भेट चौदा वर्षांनी.

या चौदा वर्षांत ती काय करत होती? थॉमस स्टॅन्लीशी लग्न केलं, तो एडवर्डच्या दरबारातला मोठा अधिकारी. याला शिडी म्हणालात तर मी भांडणार नाही. पण शिडी कुठे लावली ते बघा. जून १४८२ मध्ये एडवर्डसमोर करार झाला की हेन्री परत येऊन राजाच्या मर्जीत राहिला, तर त्याला आजीच्या मालमत्तेतला वाटा मिळेल. हेन्रीच्या माफीचा एक मसुदाही सापडतो, तो लिहिलाय एडमंडला रिचमंडचा अर्ल (हा सरदारी किताब) केल्याच्या सनदेच्या पाठीवर. मुलगा घरी यावा, बापाची अर्ली परत मिळावी, इतकंच हे मागणं आहे. गादीचा विषय निघाला १४८३ च्या उन्हाळ्यात, एडवर्ड वारल्यानंतर त्याचा भाऊ रिचर्ड तिसरा याने पुतण्यांना (टॉवरमधले तेच दोन राजपुत्र) बाजूला सारून मुकुट घेतल्यावर. ६ जुलैला राज्याभिषेकात मार्गारेट नव्या राणीच्या झग्याचा घोळ धरून चालत होती आणि काही आठवड्यांत लुईस कार्लिऑन या वैद्यामार्फत तिचे एडवर्डची विधवा एलिझाबेथ वुडव्हिल हिच्याशी निरोप सुरू झाले. दोघींचाही वैद्य तोच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. रिचर्डला हटवून हेन्रीला गादीवर बसवायचा हा कट मात्र शंभर टक्के तिचा, आणि तो मी लेखात कुठेही झाकलेला नाही.

राजपुत्रांच्या खुनाबद्दल थोडक्यात सांगतो. टॉवर रिचर्डच्या माणसाच्या, रॉबर्ट ब्रॅकनबरीच्या ताब्यात होता. मार्गारेटकडे बोट दाखवलं गेलं ते सतराव्या शतकात, जॉर्ज बक या रिचर्डच्या कैवाऱ्याकडून. तिचा फायदा झाला हे खरं, पण फायदा झाला म्हणजे खून केला, असा हिशेब लावला तर त्या काळात निर्दोष कुणी उरणारच नाही.

तिला धारेवर धरायचंच असेल, तर मी दुसरी जागा सुचवतो. बकिंगहॅमच्या ड्यूकने १४८३ मध्ये रिचर्डविरुद्ध बंड केलं, त्याचं डोकं उडवलं गेलं. हा तिच्या तिसऱ्या नवऱ्याचा पुतण्या. त्याचा थोरला मुलगा एडवर्ड १४८६ मध्ये आठ वर्षांचा, आई जिवंत. त्या वर्षी हेन्रीने, आता तो राजा होता, त्या पोराचं आणि त्याच्या अफाट जमिनींचं पालकत्व आपल्या आईला देऊन टाकलं. आणि मार्गारेटने ते घेतलं.